पोलिश पोस्टरं पुण्याला आणताना: खालची ओळ वाचा, मागची बाजू पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोलंडमधल्या व्रोत्स्वाव शहरात सहा वर्षं नोकरी झाली, रविवारच्या जुन्या बाजारातून हळूहळू चौदा पोस्टरं जमली, बहुतेक १९६० ते १९८५ या काळातली. आता पुण्याला परतायचं आहे. यातली अस्सल किती हे कसं ओळखायचं, ती न्यायची कशी, आणि पुण्यात लॅमिनेट करून भिंतीवर लावली तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे चूक झाली तर बाकीच्या उत्तरांचा उपयोग नाही. लॅमिनेट करू नका. गरम प्लास्टिक एकदा कागदात मुरलं की ते कागदाला इजा न करता काढणं माझ्या माहितीतल्या कोणालाच जमत नाही. आत अडकलेलं आम्ल कागद खात राहतं, वरून मात्र सगळं चकचकीत दिसतं.

मी कागद-संवर्धनाचं काम करते. पोथ्या, नकाशे, वतनाची कागदपत्रं हे रोजचं काम आणि पोलिश पोस्टरं हे गेल्या २० वर्षांचं वेड. माझं पहिलं पोस्टर क्राकूवहून आणलेलं होतं, सर्कशीचं. आणल्यावर मोठ्या हौसेने एका फ्रेमवाल्याकडे दिलं. तेव्हा मी या क्षेत्रात नवीन होते आणि त्याला काय सांगायचं हेच मला ठाऊक नव्हतं. चार दिवसांनी आणायला गेले तर पोस्टर हार्डबोर्डावर फेव्हिकॉलने चिकटवलेलं आणि खालची दोन बोटं रुंदीची पट्टी कापून टाकलेली. 'बारीक अक्षरं होती ताई, साफ दिसावं म्हणून काढली,' तो म्हणाला. त्या बारीक अक्षरांतच त्या पोस्टरची सगळी जन्मपत्रिका होती. ते पोस्टर आजही माझ्याकडे आहे, पण ते कुठे आणि कधी छापलं गेलं हे मी कागदावरून आता सांगू शकत नाही. म्हणून कोणी पोस्टर दाखवायला आणलं की मी चित्राच्या आधी खालची कड पाहते आणि मग ते उलटं करते.

थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण त्याशिवाय ती कड वाचता येत नाही. युद्धानंतरच्या पोलंडमध्ये सिनेमा, नाटक, सर्कस, प्रकाशन सगळं सरकारी होतं. पोस्टरचं गिऱ्हाईकही सरकारच. चित्रपट वितरणाची एकच सरकारी संस्था आणि चित्रं, पोस्टरं छापणारं 'वाग' या आद्याक्षरांनी ओळखलं जाणारं सरकारी प्रकाशनगृह, असा मामला होता. तिकीट विकलं गेलंच पाहिजे असा दबाव नसल्यामुळे नटनटीचे चेहरे मोठे करून छापायची सक्ती नव्हती. हेन्रिक तोमाशेव्हस्की आणि त्यांच्या सोबतच्या चित्रकारांनी सिनेमाच्या पोस्टरांचं काम घेतलं ते आपल्या मनासारखं करू देण्याच्या बोलीवर. १९४८ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय पोस्टर प्रदर्शनात तोमाशेव्हस्कींना पाच पहिली बक्षिसं मिळाली आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. पुढे १९५२ पासून ते वॉर्साच्या ललितकला अकादमीत शिकवू लागले. यान लेनित्सा, रोमान चेश्लेविच, वाल्देमार श्वियेझी, यान म्वोदोझेनियेत्स, फ्रान्चिशेक स्तारोव्हेयस्की ही नावं तुमच्या चौदांत कुठे ना कुठे असतीलच. बेचिराख झालेल्या वॉर्सात बांधकामांभोवतीच्या लाकडी कुंपणांवर ही पोस्टरं लागायची. राखाडी शहरात तेवढाच रंग.

रंग मोकळा असला तरी शब्द मोकळा नव्हता. छापून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला वॉर्साच्या मिशा (Mysia) रस्त्यावरच्या सेन्सॉर कचेरीच्या यंत्रणेची मंजुरी लागायची. सर्कशीतल्या अस्वलाच्या चित्रालासुद्धा. ही यंत्रणा १९९० मध्ये बंद झाली.

आता खालची कड. भिंग घ्या, पोस्टर टेबलावर सपाट ठेवा आणि तळाच्या किंवा बाजूच्या समासातली दीड-दोन मिलिमीटर उंचीची अक्षरं वाचा. बहुधा प्रकाशनसंस्थेची आद्याक्षरं असतात, छापखान्याचं नाव किंवा त्याचं लघुरूप असतं, 'झाम.' म्हणजे ऑर्डरचा क्रमांक, 'नाक्व.' म्हणजे किती प्रती काढल्या तो आकडा आणि अक्षर व आकडे मिळून झालेला एक छोटा संकेत, तो सेन्सॉरचा. कधी किंमतही असते. सगळं प्रत्येक पोस्टरवर मिळेलच असं नाही, पण दोन-तीन गोष्टी मिळाल्या तरी त्या एकमेकींशी जुळतात का ते पाहता येतं.

या अक्षरांचा दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा. ती किती सुबक छापली आहेत ते बघा. मूळ छपाईत ही अक्षरं एका शाईत, एकसंध उमटतात. भिंगाखाली कडा स्वच्छ आणि आतलं काळं भरीव दिसतं. नंतर कोणी मूळ पोस्टर स्कॅन करून छापलं असेल तर अक्षरंही फोटोचाच भाग होतात, मग तीच अक्षरं रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात, कडा चावल्यासारख्या. इंकजेटवर छापलं असेल तर फवारा मारल्यासारखे विस्कळीत थेंब दिसतात. चित्रात ठिपके दिसले म्हणून घाबरू नका. यातली बरीच पोस्टरं ऑफसेटवर छापलेली आहेत, रंगवलेल्या चित्राची ऑफसेट छपाई ठिपक्यांनीच होते. प्रश्न अक्षरांत ठिपके आहेत का हा. तसंच एखादा सपाट लाल किंवा काळा भाग वेगळ्या शाईने भरून छापलेला असायला हवा आणि तुमच्या प्रतीत तो चार रंगांच्या ठिपक्यांनी बनलेला असेल, तर ती प्रत नंतरची आहे असं मी धरते.

मापही घ्या, फीत लावून, चारही बाजूंनी. मोठी पोस्टरं साधारण ६७ बाय ९७ सेंटिमीटरच्या आसपास असतात, जुनी सिनेमाची बरीचशी ५८ बाय ८४ च्या आसपास. एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं. पण मोठ्या मापाचं म्हणून माहीत असलेलं पोस्टर ५० बाय ७० निघालं, तर ते आठवण म्हणून ठेवा, संग्रहातलं म्हणून नको.

स्तारोव्हेयस्कींचं काही असेल तर तारखेने गोंधळू नका. ते आपल्या चित्रांवर तीनशे वर्षं आधीची तारीख घालत. १९७३ च्या पोस्टरवर १६७३ दिसलं तर ती छपाईची चूक नाही, ती त्यांची सही समजा.

सेन्सॉरचा संकेत नाही म्हणजे पोस्टर नकली, असा निष्कर्ष मात्र काढू नका. १९८० च्या ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या संपात येजी यानिशेव्हस्कींनी सॉलिदार्नोश्च (म्हणजे एकजूट, त्या संपातून उभ्या राहिलेल्या स्वतंत्र कामगार संघटनेचं नाव) हा शब्द गर्दीसारखा एकमेकांना टेकलेल्या लाल अक्षरांत लिहिला. त्यानंतर संघटनेने पुष्कळ मजकूर 'संघटनांतर्गत वापरासाठी' असं लिहून सेन्सॉरला वळसा घालून छापला. १३ डिसेंबर १९८१ ला लष्करी कायदा आल्यावर तर गुप्त छपाईच सुरू झाली, मिळेल त्या कागदावर, बऱ्याचदा सिल्क स्क्रीनने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून. अशा पत्रकांवर ना छापखाना, ना क्रमांक. तिथे कागद आणि शाई बोलतात. सिल्क स्क्रीनची शाई जाड बसते, तिरप्या उजेडात तिचा थर कागदाच्या वर उठलेला दिसतो. आणि ४ जून १९८९ च्या निवडणुकीचं तोमाश सार्नेत्स्कींचं प्रसिद्ध पोस्टर, हातात मतपत्रिका घेतलेला शेरीफ आणि त्याच्या छातीवरच्या तारकेच्या वर सॉलिदार्नोश्चचा बिल्ला, ते कोणी स्वस्तात देत असेल तर पुनर्मुद्रण धरूनच चाला. त्याच्या अगणित आवृत्त्या निघाल्या आहेत.

आता पोस्टर उलटं करा. मागची बाजू मला पुढच्यापेक्षा आवडते, कारण तिथे कोणी सजावट करायला जात नाही. कागद कडेला तपकिरी आणि मध्ये फिका असेल तर तो एखाद्या गठ्ठ्यात पडून होता, हवा फक्त कडांना लागली. मागे कोपऱ्यात चिकटपट्टीचे मधाळ चौकोन असतील तर ते कोणाच्या तरी खोलीत लावलेलं होतं. पेन्सिलीने लिहिलेला एखादा आकडा दुकानाचा असू शकतो. मध्यभागी आडवी-उभी घडी असेल तर बहुधा पाकिटातून आलेली प्रत. यातलं काहीही खोडू नका. आज जी प्रत हाती लागते ती बहुतेक वेळा भिंतीवर न चढलेली असते, कारण रस्त्यावर खळीने डकवलेलं पोस्टर पुढच्या पोस्टरखाली गाडलं जायचं. ही प्रत कशामुळे वाचली याचा जो काही पुरावा आहे तो मागेच आहे.

कागद स्वतः मात्र गरीब आहे. लाकूड दळून केलेला लगदा, त्यात लिग्निन, म्हणजे लाकडातला कागद पिवळा पाडणारा घटक, तसंच राहिलेलं, वर तुरटी आणि राळेचं खळीकरण. उजेड आणि हवा लागली की तो पिवळतो, आम्ल वाढतं, मग घडीवर तुटायला लागतो. आपल्या जुन्या वर्तमानपत्रांचं जे होतं तेच, फक्त जरा सावकाश. १९८० च्या दशकातल्या टंचाईच्या काळातले काही कागद तर हातात घेताना भाजलेल्या पापडासारखे वाटतात. अशा पोस्टरची गुंडाळी जबरदस्तीने उलटी वळवून सरळ करायला जाऊ नका. एक माझ्या डोळ्यांदेखत दुभंगलं आहे, कोरड्या पानासारखा आवाज झाला होता. गुंडाळी कडक असेल तर ती थोड्या दमट खोलीत दोन दिवस ठेवून, मग दोन स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये सपाट वजनाखाली हळूहळू उघडतात. फार कडक असेल तर हे काम संवर्धकाकडे द्या.

न्यायचं कसं? बारीक नळीच्या आत कोंबू नका. १५ सेंटिमीटर व्यासाची जाड पुठ्ठ्याची नळी घ्या, तिच्यावर आधी आम्लरहित कागद गुंडाळा, मग पोस्टरं एकावर एक, प्रत्येक दोघांत एक पातळ आम्लरहित कागद, आणि ही सगळी गुंडाळी नळीच्या बाहेरून. वर पुन्हा कागद, मग पॉलिथीन, मग हे सगळं मोठ्या व्यासाच्या कडक नळीत. बाहेरच्या नळीसाठी प्लंबिंगचा जाड पाइप प्रवासापुरता चालतो, घरी पोचल्यावर त्यात ठेवायचं नाही. रबरबँड अजिबात नको, सुती फीत बांधा. ज्यांच्या घड्या आधीच फाटायला आल्या आहेत ती गुंडाळू नका, दोन ताठ पुठ्ठ्यांत सपाट न्या. पोलंडमधून जुनी कलावस्तू बाहेर नेताना तिचं वय आणि किंमत दोन्ही पाहून परवाना लागू शकतो, त्यामुळे महागाचं आणि जुनं काही असेल तर निघण्याआधी तिथल्या स्मारक-संरक्षण कचेरीत विचारून घ्या आणि खरेदीच्या पावत्या जपून ठेवा.

जमलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आणा. व्रोत्स्वावच्या हिटर लावलेल्या घरात हिवाळ्यात आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास उतरते. तोच कागद जुलैत पुण्यात उघडलात तर तो ८० टक्क्यांत येतो, तंतू फुगतात, शाईचा थर तेवढा फुगत नाही, आणि पोस्टरला लाटा येतात. कधीही आणलं तरी नळी घरात दोन दिवस बंदच ठेवा, मग उघडा.

पुण्यातला खरा शत्रू म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि बुरशीला खळ, सरस, धूळ सगळंच आवडतं. पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका. पोटमाळ्यावर नको, बाथरूमच्या सामाईक भिंतीलगत नको. लोखंडी पावडर कोटिंगचं कपाट किंवा सपाट खणांचं कपाट घ्या. भुशाच्या दाबीव फळ्यांच्या कपाटातून आम्लाच्या वाफा निघत राहतात. आर्द्रता मोजायचा एक साधा मीटर आत ठेवा. तो ६० च्या पुढे जायला लागला की त्या खोलीत डिह्युमिडिफायर लावा, ५० ते ५५ पुरे. सिलिका जेल बंद पेटीत उपयोगी, पण भरलेलं जेल वाळवायला विसरलं तर ते काहीच करत नाही.

ठेवायची पद्धत म्हणजे सपाट, प्रत्येक पोस्टर आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये, एका खणात दहाच्या वर नको. पुण्यात हातकागद सहज मिळतो आणि फोल्डरसाठी तो वापरायचा मोह होतो. वापरा, पण तो आम्लरहित आहे का ते पीएच पेनने तपासून. स्वच्छ पॉलिएस्टर फिल्मची पाकिटं चांगली, पीव्हीसीची नकोत, ती चिकटतात. पॉलिएस्टरमध्ये ठेवलं तर चारही कडा सील करू नका, दोन बाजू मोकळ्या ठेवा. आम्लयुक्त कागद पूर्ण कोंडला की लवकर सडतो.

कसर आणि वाळवी हा वेगळा विषय. आपल्याकडे पोथ्यांच्या रुमालात वेखंडाची पुरचुंडी ठेवत, आणि ती पद्धत मला मनापासून आवडते. पोस्टरांच्या खणात ती ठेवायची तर कागदाला टेकू देऊ नका, कापडी पिशवीत कोपऱ्यात ठेवा. डांबरगोळ्या नकोत. सगळ्यात मोठं औषध म्हणजे दर महिन्याला खण उघडून पाहणं. भुरभुरीत पिवळट भुकटी किंवा कडेला खरवडल्यासारखी पातळ जागा दिसली की ते पोस्टर त्याच दिवशी वेगळं काढा.

बुरशी दिसली तर पुसू नका. ओली असताना पुसली की ती कागदात रगडली जाते. मास्क लावा, पोस्टर वेगळ्या कोरड्या खोलीत पंख्याच्या थेट झोताबाहेर वाळू द्या. ठिपके कोरडे, भुकटीसारखे झाले की मऊ ब्रशने व्हॅक्यूमच्या तोंडाकडे झटका. डाग राहील, राहू द्या. उन्हात टाकून बुरशी मारायचा घरगुती उपाय पोस्टरला मारतो.

फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका, मागून पण नाही. तिचा गोंद काही वर्षांत कागदात झिरपतो आणि समोरून तपकिरी पट्टा उमटतो. आम्ही फाटकं जोडतो ते जपानी कोझो कागदाच्या पातळ पट्टीने आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढतो त्याच्याच कुळातली ही गोष्ट, फक्त ग्लुटेन पूर्ण धुऊन काढलेलं स्टार्च शिजवून, गाळणीतून दोनदा घोटून लोण्यासारखं करायचं. मोठा फायदा असा की पन्नास वर्षांनी कोणाला ती पट्टी काढायची झाली तर थोड्या ओलाव्याने ती सुटते. लिनन किंवा मांजरपाटावर पूर्ण पोस्टर चिकटवायची पद्धत परदेशी व्यापाऱ्यांत फार चालते. भिंतीवर देखणं दिसतं हे खरं, पण मागची बाजू कायमची झाकली जाते. तुकडे पडायला आलेल्या पोस्टरसाठी पूर्ण अस्तर लागतं, तेव्हाही मी जपानी कागदाचं देते. धडधाकट पोस्टरला काहीही चिकटवू नका. आम्ल काढण्यासाठी कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या द्रावणांचे उपचार आहेत, पण काही शाया पाण्यात पसरतात. प्रत्येक रंगावर आधी थेंब टाकून तपासावं लागतं. हे घरी करू नका.

भिंतीवर लावायचंच असेल, आणि लावावं, कारण ही चित्रं बघण्यासाठीच केलेली आहेत, तर एका वेळी दोन-तीनच लावा आणि तीन-चार महिन्यांनी बदला. मागे आम्लरहित पुठ्ठा, वर कोझोच्या दोन बिजागऱ्या, समोर अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक, आणि कागद व अ‍ॅक्रिलिक यांच्यामध्ये कडेने पट्ट्या देऊन अंतर. काच कागदाला टेकली की पावसाळ्यात तिथेच चिकटते. संग्रहालयांत कागदासाठी उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवतात. घरी एवढं सांभाळता आलं नाही तरी ऊन येणारी भिंत टाळा. गुलाबी आणि पिवळे रंग आधी उडतात, मग चित्र निळसर पडतं. लेनित्साच्या 'वोत्सेक' या ऑपेराच्या लालभडक पोस्टरसारखं पोस्टर, ज्याला १९६६ च्या पहिल्या वॉर्सा पोस्टर बिनालेत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनात) सर्वोच्च पुरस्कार मिळाला, त्यातून लाल गेला तर उरेल काय? फ्रेमवाल्याला लिहून द्या: कापायचं नाही, चिकटवायचं नाही, गरम इस्त्रीने बसवायचं नाही. तोंडी सांगू नका.

निघण्याआधी एक दिवस वॉर्सासाठी काढा. विलानूवच्या राजवाड्याच्या जुन्या रपेटशाळेत १९६८ साली जगातलं पहिलं पोस्टर संग्रहालय उघडलं. तिथलं सध्याचं प्रदर्शन आणि वेळा आधी पाहून जा. एकदा अस्सल छपाई डोळ्यांखालून घातली की तुमच्या चौदांतली शंकास्पद प्रत तुम्हालाच ओळखू येईल. त्रेपकोव्हस्कींचं १९५२ चं 'निए!' म्हणजे 'नको!', पडणाऱ्या बॉम्बच्या आकारातच उद्ध्वस्त घर, हे पुस्तकांत शेकडो वेळा पाहिलेलं असतं. समोर उभं राहिल्यावर त्या एका शब्दाचं वजन वेगळंच लागतं.

आणि पुढच्या रविवारी बाजारात जाल तेव्हा ज्यांच्याकडून पोस्टरं घेतली त्यांना विचारा, ही कुठून आली. सिनेमागृह बंद झालं तेव्हा तळघरातून, आजोबा शिक्षक होते त्यांच्या कपाटातून, जे सांगतील ते त्याच दिवशी वहीत लिहा. पोस्टरचं माप, खालच्या ओळीतला सगळा मजकूर अक्षर न अक्षर, पुढचा-मागचा फोटो, घेतल्याची तारीख, किंमत, आणि ही गोष्ट. क्रमांक द्यायचा तर फोल्डरवर द्या, पोस्टरवर मऊ पेन्सिलीशिवाय काही लिहू नका, तेही मागे खालच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी हलक्या हाताने.